नाला कोनं काढला

"हा नाला कोनं काढला ते सांगा साहेब. मंग पुढचं वाचा."

टेबलावर पसरलेल्या नकाशावर भागीरथाबाईंनी बोट रोवलं होतं. ऐन धानाचा रोवणा टाकून त्या प्रभागरचनेवरच्या हरकतीच्या सुनावणीला आल्या होत्या. लुगड्याच्या काठाला बांधीतला चिखल तसाच होता आणि तो पुसायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"बाई, नाले कोणी काढत नसतं," उपविभागीय अधिकारी म्हणाले. "ती नैसर्गिक सीमा आहे. अलीकडची घरं प्रभाग दोनमध्ये, पलीकडची तीनमध्ये."

म्हणजे बौद्ध मोहल्ल्याचे दोन तुकडे. एकशे साठ मतं एका जागी होती, म्हणून मोहल्ल्याचा माणूस पंचायतीत बसत होता. पहिल्या वेळी खुद्द भागीरथाबाईच बसल्या होत्या. आता अर्धी मतं इकडं, अर्धी तिकडं, दोन्हीकडं मूठभर.

पुतण्या रत्नपालनं कागद पुढं केला. "साहेब, नियमातच आहे. दलित वस्ती शक्यतो फोडू नये."

"शक्यतो," साहेबांनी नेमक्या त्याच शब्दावर पेन टेकवलं.

"हे शक्यतो आमच्याच वाट्याले कायले येते जी?" भागीरथाबाई कडाडल्या. "या टिकारामचा मोहल्ला नाई फुटला तो!"

भिंतीलगत बसलेले सरपंच टिकाराम हसले. तलाठ्याला गावात फिरवून हद्द दाखवणारे तेच. "काकू, तुमी तिसरी शिकल्या. नकाशा समजते का तुमाले?"

"तुले चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, तवापासून हा नाला समजते मले. चूप बस."

कारकून योगराजनं हसू दाबायला फाईल तोंडापुढं धरली.

"आयका साहेब. बोडीचा तलाव भरला का पानी आमच्या चुलीत. तीन पावसाळे पंचायतीले सांगतलं, कुत्रं फिरकलं नाई. मंग आमी सात बाया फावडे घेऊन उतरलो. जिच्या दारासमोर जेवढा, तिनं तेवढा खोदाचा. सुशीला पोटुशी होती, तिचा वाटा मी खोदला." बोट नकाशावरून सरकत एका कोपऱ्यावर थांबलं. "अन् हे पाहा. इथं नाला काटकोनात वळते. निसर्गाचं पानी असं वळते का? याच्या बापाची भिंत होती इथं. दोन हात जागा मागतली, देली नाई."

साहेब नकाशावर वाकले. कोपरा गुण्या लावून आखल्यासारखा होता. टिकाराम मोबाईलमध्ये बघू लागले.

"खरं असेल, बाई," साहेबांचा आवाज थोडा उतरला. "पण नकाशात तो नालाच आहे. हरकत मान्य करता येत नाही."

"पानी भायेर काढाले खोदला, तं तुमी त्याच्यानं आमालेच भायेर काढलं!"

रत्नपाल उठला. भागीरथाबाई उठल्या नाहीत.

"अमान्य तं अमान्य. पन नैसर्गिक लिवू नका. बायांची नावं लिवा."

"त्यानं निकालात फरक पडणार नाही."

"नोको पडू देऊ. लिवा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग योगराजकडं मान हलवली. योगराजनं कागद ओढला. "सांगा, आजी."

भागीरथाबाई सांगू लागल्या. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, पेन थांबेल तसं थांबत. सहा झाली.

"सातवी?"

"गुड्डूची माय. भिंतीजवळचा खडक तिनंच फोडला. हात सोलले होते तिचे."

"नाव सांगा ना त्यांचं."

तीस वर्षं शेजार होता. सारा मोहल्ला तिला गुड्डूची मायच म्हणत होता. भागीरथाबाईंनी रत्नपालकडं पाहिलं.

"मतदार यादीत असन," तो पुटपुटला. मग त्यालाच आठवलं. "मेल्यावर कमी केलं नाव."

"पुढची हरकत," साहेब म्हणाले.

"जागा सोड, बाबू," भागीरथाबाई योगराजला म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला होता. "मी गावात इचारून येते."

योगराजनं सातचा आकडा घातला आणि पुढं ओळ कोरी ठेवली.