दिवसाउजेडी

पंकजा लॉबीच्या त्या टोकापासून दारापर्यंत मागे मागे चालत आली. तिच्या हातातला चपटा मॉप डावी-उजवीकडे वळत आडवे आठ काढत होता. मागे सरकतच यायचं, पुसलेल्या फरशीवर आपला पाय पडता कामा नये, असं ती चालता चालता सांगत होती. पाणी कुठेही साचलं नव्हतं. फरशी ओली आहे हे फक्त तिरक्या उजेडात कळत होतं.

भिंतीला टेकून सहा बायका बघत उभ्या होत्या. मॅडम पाळण्याला झोका देतायत, असं शहजादी हळूच म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. सत्यशीला हसली नाही. ती लॉबीच्या काचेच्या भिंतीकडे बघत होती. काचेपलीकडे शिर्डीचा रस्ता होता, आणि रस्त्यावर पुणतांब्याची जीप प्रवासी भरत उभी होती.

हॉटेल गोदातीरच्या मालकांनी पंकजाला दिवाळीनंतर मॅनेजर म्हणून घेतलं होतं. ती नगरची, सावेडीतली. हॉटेलचं शिक्षण झाल्यावर ती दोन वर्षं कोपनहेगनला एका सफाई कंपनीत होती. तिथून आणलेल्या गोष्टी तिने एकेक करून इथे लावल्या. चार रंगांची कापडं आली. लाल संडासाला, पिवळं बेसिनला, निळं काचेला, हिरवं स्वयंपाकघराला. अंदाजाने ओतायचं औषध आता मापाच्या झाकणाने ओतलं जाऊ लागलं. हातमोजे आले, आणि महिन्याभरात बायकांच्या बोटांच्या भेगा भरल्या. यातल्या कशालाच कुणी नाही म्हटलं नाही.

शेवटची गोष्ट दिवसाच्या सफाईची होती. इतकी वर्षं लॉबी, जेवणाचा हॉल आणि तळमजल्यावरचे संडास उजाडायच्या आत उरकले जात. नंतर बायका मागच्या जिन्याने वर जात आणि दिवसभर खोल्या करत. पाहुण्याला स्वच्छता दिसावी, स्वच्छ करणारी बाई दिसू नये, असा आधीच्या मॅनेजरचा दंडक होता. पंकजाने तो उलटा केला. तिकडे ऑफिसं भर दिवसा, माणसं बसलेली असताना पुसतात, असं तिने सांगितलं. पुसणारी बाई त्यांच्याच टेबलावर कॉफी पिते. साफ करताना दिसलं की लोकांचा विश्वास बसतो, आणि ते कचराही कमी टाकतात. बाईला पहाटे चारला घर सोडावं लागत नाही.

"लपून केलेल्या कामाला किंमत नसते," ती म्हणाली.

शहजादीला हे सगळ्यांत जास्त पटलं. ती राहात्याला भाड्याच्या खोलीत राहायची. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती, आणि सकाळचा चहा तिला शेजारीण पाजायची. आता तो शहजादी स्वतः पाजून निघणार होती. दुसऱ्या दिवशी तिने पंकजासाठी डब्यातून गुलगुले आणले.

सत्यशीलाचं पुणतांब्यातलं घर शेतकऱ्याचं. जमीन एकत्र, कारभार थोरल्या दिरांकडे. नवरा गेला तेव्हा मुलगी निकिता शाळेत होती. बारावी झालेल्या सत्यशीलाने हॉटेलच्या ऑफिसातल्या जागेसाठी अर्ज केला होता. ती जागा भरली गेली होती, सफाईची मोकळी होती. तिने ती घेतली आणि घरी अर्जात लिहिलेलं काम सांगितलं. नंतर ते दुरुस्त करायची वेळ आलीच नाही. ती साडी नेसून निघायची, साडी नेसून परत यायची. निकिताला खरं काय ते ठाऊक होतं. तिला ते कधी कळलं हे दोघींनाही नेमकं सांगता आलं नसतं, कारण त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

आता निकिताचं लग्न जमत होतं. स्थळ कोपरगाव तालुक्यातलं, मुलगा चाकणला कंपनीत. मुलाच्या आईने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं की मुलीची आई काय करते. दिरांनी अभिमानाने सांगितलं होतं.

चादरींच्या खोलीत पंकजा एकटी सापडल्यावर सत्यशीलाने हे सगळं तिला सांगितलं. मला वरच्याच मजल्यांवर ठेवा, नाहीतर इथे चादरींच्या कामाला ठेवा, लग्न होईपर्यंतच, असं ती म्हणाली. पंकजाने शांतपणे ऐकून घेतलं. चादरींना आता मशीन आलं होतं, तिथे एक माणूस पुरत होता. वरचे मजले पाळीपाळीने सगळ्यांना मिळणार होते. एकीला सूट दिली की उद्या दुसरी मागणार.

"आणि लपवायचं कशासाठी? तुम्ही चोरी करत नाही आहात."

"चोरीचं एक वेळ चालंल, म्याडम," सत्यशीला म्हणाली. "चोरी मिटवता येती."

सत्यशीलाने एक उशीची खोळ उचलली, घडी घातली, आणि मान वर न करता विचारलं, "तुमी तिकडं फरशी पुसलीत, त्ये तुमच्या आईला ठावं हाय?"

"मी हॉटेलमध्ये होते, एवढं तिला माहीत आहे."

सोमवारपासून सत्यशीलाच्या वाट्याला लॉबी आली.

राखाडी कुर्ता आणि पँट, केस झाकणारी टोपी, तोंडावर मास्क, छातीवर नावाची पट्टी, असा नवा वेश होता. पहिल्या दिवशी काचेबाहेर कुणी थांबलं की ती पाठ करायची. दुसऱ्या दिवशी तिच्याच गल्लीतली एक म्हातारी दर्शनाहून येऊन पंख्याखाली टेकली आणि तिने पाणी कुठे मिळेल ते विचारलं. सत्यशीलाने बोट दाखवलं. म्हातारी पाणी प्यायली, देव तुझं भलं करो म्हणाली आणि गेली. त्यानंतर सत्यशीलाने पाठ करणं सोडलं. तिला सुटल्यासारखं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. पुसायचं होतं तेवढं ती पुसत राहिली.

गुरुवारी शिर्डीत गर्दी होती. दुपारच्या आधी ती लॉबीच्या त्या टोकापासून मागे सरकत निम्म्यावर आली, तेव्हा काचेचं दार उघडलं आणि तिला दिरांचा आवाज ऐकू आला.

रंगनाथ मोठ्याने बोलत आत आले. मागे मुलाची आई पुष्पावती, मुलगा आणि निकिता. पाहुण्यांनी सकाळी अचानक दर्शनाचं ठरवलं होतं, मुलीलाही घेऊन या म्हणाले होते, आणि दर्शनानंतर चहा कुठे घ्यायचा हे रंगनाथांनी मंदिरातून निघतानाच ठरवलं असणार. चौघांच्या कपाळावर गंध होतं. निकिताच्या हातात प्रसादाची पिशवी होती. तिने आत येताच आईला पाहिलं, आणि लगेच पिशवीच्या गाठीकडे बघितलं.

सत्यशीलाने नावाची पट्टी काढून खिशात टाकली.

रंगनाथ काउंटरपाशी गेले. तिथल्या पोराला म्हणाले, "आमची धाकटी भावजय हितं हापिसात हाय. सत्यशीला. जरा बोलवा की, म्हनावं पावनं आल्यात."

पोराने रंगनाथांकडे बघितलं आणि मग त्याची नजर लॉबीकडे वळू लागली. तेवढ्यात मागच्या केबिनमधून पंकजा बाहेर आली. तिने त्याच्या आणि लॉबीच्या मध्ये उभं राहून रंगनाथांना नमस्कार केला.

"सत्यशीलाबाई आज नगरला गेल्यात. ऑफिसच्याच कामाला. मीच पाठवलंय."

"आसं व्हय." रंगनाथ जरा हिरमुसले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बगा, येक दिवस सुट्टी न्हाई. समदं तिच्यावरच."

पंकजाने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि चहा सांगितला. परत जाताना तिने सत्यशीलाकडे बघून डोळ्यांनी मागचं दार दाखवलं. दार चार पावलांवर होतं. सत्यशीलाने ते पाहिलं. फरशी निम्मी ओली आणि निम्मी कोरडी होती, आणि मधली रेघ सरळ दिसत होती. ती मॉप फिरवत राहिली. हॉलमधून शहजादी भराभर आली आणि तिने मॉपच्या दांड्याला हात घातला.

"द्या इकडं ताई. तुमी आत जा. मी करते."

सत्यशीलाने दांडा सोडला नाही. थोडा वेळ दोघींचे हात दांड्यावर राहिले, मग शहजादीने आपला काढून घेतला.

चहा आला. पुष्पावतीने कप हातात घेऊन लॉबीवर नजर फिरवली. लई सोच्छ ठेवलंय म्हणाली. मग म्हणाली, "पन ही कामं करायला बाया कुटनं मिळत्यात? आपल्यातली कोन करायची न्हाई."

"पोटाला लागतं तवा करत्यात," रंगनाथ म्हणाले. "यांच्यावर देखरेख करनारं मानूस चांगलं पायजे. त्ये काम आमच्या निक्कीच्या आईकडं."

पुष्पावती हसली. मुलगा मोबाइलमध्ये मंदिरासमोर काढलेले फोटो बघत होता, एखादा निकितापुढे धरत होता. निकिता मान हलवत होती.

मागे सरकत सरकत सत्यशीला सोफ्यापाशी पोचली. लॉबीतली ती तेवढीच पट्टी राहिली होती. ती बाजूने आली आणि मॉप सोफ्याखाली घालायला वाकली. रंगनाथांचे पाय तिच्या समोर होते. तिला त्या घरात येऊन पंचवीस वर्षं होत आली होती, आणि इतक्या वर्षांत ते तिच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. थोरल्या दिरासमोर पदर घ्यायचा, दाराआडून उत्तर द्यायचं, ही त्या घरची रीत. त्यांना काही सांगायचं असलं तर ते निकिताला हाक मारून म्हणत, आईला सांग. त्यांच्या ओळखीचा होता तो पदर होता. टोपी आणि पँटमधली ही बाई त्यांनी कधी बघितली नव्हती.

"पुसा मावशी, पुसा," ते म्हणाले आणि दोन्ही पाय उचलून त्यांनी हवेत धरले.

मॉप त्यांच्या पायांखालून गेला. पुष्पावतीने साडी गुडघ्यापाशी गोळा केली आणि पाय वर घेतले. मुलाने मोबाइलवरून नजर न काढता उचलले. मॉप निकिताच्या पायांपाशी आला.

निकिताने पाय उचलले नाहीत. नव्या चपलांमधले तिचे पाय फरशीवर तसेच टेकलेले राहिले. मॉप चपलांच्या टोकांपर्यंत येऊन थांबला.

"अगं, पाय घे की वर," पुष्पावती म्हणाली. "त्या बाईला पुसू दे."

"नको, आत्या."

"का गं?"

निकिताच्या कपातला चहा संपला होता. तरी तिने कप तोंडाला लावला. "राहू दे तेवढं," ती म्हणाली.

पुष्पावतीने रंगनाथांकडे बघितलं. आताच्या पोरींना वाकायचं न्हाई आन् उचलायचंबी न्हाई, असं काहीतरी रंगनाथ म्हणाले, आणि दोघं हसली. सत्यशीलाने मॉप जरा मागे घेतला, एका चपलेच्या कडेने नेला, मग दुसरीच्या, आणि पुढची जागा पुसून ती दाराकडे सरकली. निकिताच्या घोट्यावर पातळ चांदीचं पैंजण होतं. ते नवीन दिसत होतं. पाहुण्यांनी आज घेतलं असावं.

साखरपुड्याची तारीख तिथेच, त्या सोफ्यावर ठरली. रंगनाथांनी पंधरवड्यानंतरचा रविवार सुचवला, पुष्पावतीने मोबाइलमधलं पंचांग बघायला मुलाला सांगितलं, आणि दिवस चांगला निघाला. हे बोलणं चालू असताना सत्यशीला दारापाशी बादलीत मॉपचं कापड बदलत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. कार्य घरीच करायचं की मंगल कार्यालयात, यावर थोडा वाद झाला. घरीच करू, जास्त माणसं नकोत, असं निकिता म्हणाली. मुलीने मधे बोललेलं पुष्पावतीला आवडलं नाही, पण तिने ते चालवून घेतलं.

जाताना रंगनाथ काउंटरपाशी थांबले. भावजयीला सांगा, पोरीचं पक्कं झालं, असं त्यांनी पंकजाला सांगितलं. संध्याकाळी घरी कळेलच, पण तुमच्या तोंडून आधी कळलं तर बरं वाटेल.

"सांगते," पंकजा म्हणाली.

दाराशी ओल्या फरशीची पिवळी पाटी होती. पाहुण्यांना तिच्या बाजूने वळून जावं लागलं. निकिता सगळ्यांत मागे होती. ती पाटीपाशी आली, क्षणभर रेंगाळली, आणि मुलाने बाहेरून हाक मारल्यावर निघून गेली. काचेतून ती जीपमध्ये चढताना दिसली. जीप निघून गेली.

मग पंकजा पुढे आली. साखरपुडा ठरला, असं तिने सत्यशीलाला सांगितलं, कारण तसं सांगायचं तिने कबूल केलं होतं. सत्यशीलाने मान हलवली. उद्यापासून वरचा मजला देते, पंकजा म्हणाली. सत्यशीला म्हणाली, नको, आता लॉबीच राहू दे.

शहजादीने कप उचलून नेले. सोफ्यासमोरच्या ओल्या फरशीत दोन पावलांएवढ्या कोरड्या जागा राहिल्या होत्या, शेजारी शेजारी. शहजादी परत आली ती हातात मॉप घेऊनच, आणि त्यांच्यावरून फिरवायला वाकली. सत्यशीलाने तिचा दंड धरला.

दोघी तिथे उभ्या राहिल्या. वर पंखा फिरत होता. फरशी कडेने वाळायला लागली, मग मधेही वाळली, आणि थोड्या वेळाने कुठली जागा पुसली होती आणि कुठली राहिली होती ते कळेनासं झालं.