लाल बटण

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला डावा हात. त्या हातात मी रिमोट दिला. पलंगासमोर टीव्ही, टीव्हीखाली लिनक्सवर चालणारा, डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर; आम्ही त्याला डबाच म्हणायचो. सिनेमे, गाणी सगळं त्यातच. आणि लाल बटण दाबलं की घरभर घंटा वाजायची. ताई म्हणाली होती, "अरे, उशाशी साधी पितळी घंटा ठेव की. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!" मी हसण्यावारी नेलं. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटा, याचा मला भारी तोरा.

काल डबा अपडेट केला आणि रिमोट मुका झाला. आज सकाळी ताई बाजारात गेल्यावर मी कामाला लागलो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. बटण दाबलं की रिमोटच्या टोकाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दिवा लुकलुकत होता, म्हणजे सेल ठीक. दोष डब्यातच. "बाबा, मी बाहेरच्या खोलीतून बघतो. तुम्ही अधूनमधून लाल बटण दाबत राहा," असं सांगून मी लॅपटॉप घेऊन बाहेर बसलो. तिथून डब्याच्या पोटातलं सगळं दिसतं. रिमोटचा प्रत्येक सिग्नल लॅपटॉपच्या पडद्यावर वेळेसकट ओळ होऊन उमटावा, म्हणून घंटेचा प्रोग्राम मी आधी बंद केला.

पडदा कोरा. अपडेटने बटणांची यादीच बदलून टाकली होती. जुनी यादी शोधून चढवली आणि अकरा वाजून सात मिनिटांनी ओळ उमटली: लाल.

"आलं! शाब्बास बाबा!" मी तिथूनच ओरडलो.

लाल. लाल. लाल.

"बास बाबा, कळलं!" तरी ओळी थांबेनात. बाबा पहिल्यापासून हट्टी. एकदा काही हाती घेतलं की सोडायचे नाहीत. मला हसू आलं. यादी कायमची राहावी म्हणून मी फाइल लिहीत बसलो. कोपऱ्यात ओळी पळतच होत्या.

मग दुसरीच बटणं: 'पाच'. 'आवाज कमी'. 'मागे'. 'नऊ'. पुन्हा लाल. म्हटलं, बोट घसरलं असेल. मग एकच बटण, सलग, ओळीखाली ओळ, कुणी मूठ आवळून धरल्यासारखं. आणि एकदम काहीच नाही.

"बाबा?" अशी हाक मारली, पण ते उत्तर कुठून देणार? दाराआड काय असेल या भीतीने मी, चाळिशीचा घोडा, त्या थांबलेल्या ओळींकडे नुसता बघत राहिलो. मग धावलो.

बाबा पलंग आणि भिंतीमधल्या फटीत घसरले होते. मान कठड्यात अडकलेली, चेहरा निळसर, रिमोट मुठीत. काखेत हात घालून कसंबसं वर ओढलं. बराच वेळ काही नाही. मग घरघरत एक श्वास आला, दुसरा आला. मी लहान मुलासारखा रडलो.

ताई आली, डॉक्टर तपासून गेले. पडद्यावर शेवटची ओळ अजून तशीच होती: अकरा सोळा. मी लॅपटॉप मिटून टाकला.

"नशीब, तू घरात होतास," ताई म्हणाली. "लगेच कळलं ना तुला?"

"हो, लगेच."

बाबा जागे होते, माझ्याकडेच बघत होते. ती नजर मला सोसवेना. "बाबा, लाल बटण आता चालतंय," म्हणत मी बाजूला ठेवलेला रिमोट त्यांच्या डाव्या हाताशी नेला. त्यांनी मूठ उघडली नाही.