चाळीस नाकं आणि वन्सं

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची नणंद नाकाची सर्जन होती. त्यामुळे घरातही वन्सं आणि ऑपरेशन थिएटरातही वन्संच. सायनसचं ऑपरेशन नाकात दुर्बीण घालून करतात. तिथं दोन थेंब रक्तही पुरासारखं दिसतं. म्हणून भूल देताना रक्तदाब जरा खाली ठेवायचा. तो कोणत्या औषधानं, यावरून दोघींची जुंपायची.

“तुझं नवं औषध राहू दे. माझ्या जुन्याला तोड नाही,” वन्सं म्हणायच्या. “नुसतं नाकात डोकावून सांगेन, कोणतं दिलंय ते!”

“मग सांगाच,” म्हणत बाईंनी रीतसर परवानग्या काढून अभ्यासच सुरू केला. चाळीस रुग्ण, सगळ्यांची संमती. निम्म्यांना जुनं, निम्म्यांना नवं. सिरिंज परिचारिका भरायची, आत काय ते तिलाच ठाऊक. रक्त किती आडवं येतंय त्याला वन्संनी शून्य ते पाच आकडा द्यायचा, शिवाय आपला अंदाजही लिहायचा.

नाक स्वच्छ दिसलं की वन्सं खुशीत येत, “हे जुनंच!” रक्त आलं की, “हे तुझं!”

एकोणिसावा रुग्ण बँडमधला क्लॅरिनेटवाला होता. त्याचा दाब एकाएकी फारच घसरला.

“वन्सं, हात थांबवा.”

एरवी शब्दाला शब्द वाढवणाऱ्या वन्सं जागच्या जागी थांबल्या. बाईंनी औषध बंद केलं, सलाइन वाढवलं, दाब चढवणारं इंजेक्शन दिलं. चार मिनिटांत आकडे ताळ्यावर आले, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तो विचारत होता, “वाजवायला कधी लागू?”

“काही आठवडे तरी फुंकायचं नाही,” वन्संनी दटावलं.

शेवटी परिचारिकेची बंद यादी उघडली. चाळीसपैकी वन्संचे अंदाज बरोबर आले एकवीस, नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते! रक्ताचे आकडे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. जुन्यावरचे रुग्ण लवकर जागे झाले होते, नव्यावरचे उशिरा, पण शांतपणे. आणि क्लॅरिनेटवाल्याला दिलेलं निघालं नवं. बाईंचा चेहरा पडला.

वन्सं मात्र पोट धरून हसत होत्या. “नाकाच्या सर्जनचंच नाक कापलंस की गं!”

“माझंही कुठं शाबूत राहिलंय, वन्सं?”

“असू दे. उद्याच्या आजीबाई जाग्या होताना फार घाबरतात म्हणे. त्यांना तुझंच दे. पण जपून.”