जागा सोडायची नाही

दाराला तिसरी कडी बसली, त्याच दिवशी तिच्या कानाखाली पहिली बसली. दोन्ही बसवणारा हात एकच, तिच्या नवऱ्याचा, आणि त्या हाताला सारी वस्ती उस्ताद म्हणायची. कुठलंही कुलूप आणा, उस्ताद दोन मिनिटांत उघडून देणार, वर हसून म्हणणार, "वहिनी, पुढच्या वेळी किल्ली पदराला बांधा." बाहेर असा लोण्यासारखा माणूस. घरात शिरला की चप्पल काढायचा आणि सोबत ते हसूही.

तिचं दुखणं मात्र त्याच्यामुळे सुरू झालं नव्हतं. लेक बिट्टी सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. औषधाच्या दुकानात रांगेत उभं असताना तिचं काळीज असं उसळलं, की जणू बरगड्या फोडून बाहेर येतंय. हात बधिर, डोळ्यांपुढे काजवे. आपण मरतोय याची भीती होतीच, पण त्याहून मोठी ही, की कडेवरची पोर आता फरशीवर आपटणार. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. ठणठणीत हृदय घेऊन ती घरी आली आणि पुन्हा त्या दुकानात गेली नाही. मग रस्ता सुटला, मग फाटक, मग जिना. साडेतीन वर्षांत जग आकसत आकसत उंबऱ्याला येऊन टेकलं.

"मी आहे ना," उस्ताद म्हणाला, "तू बाहेर जाऊच नकोस." सुरुवातीला तिला ते किती गोड वाटलं होतं! तिची भीती वाढली की तो एक कडी वाढवायचा. शेवटी, दीड वर्षापूर्वी, त्याने दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप आणलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात घातली. "जिन्यात चक्कर येऊन पडशील, तुझ्याच भल्यासाठी." गिऱ्हाइकांना मात्र तो हे कुलूप विकताना बजावायचा, "याची एक खोड आहे. एका बाजूने किल्ली अर्धी फिरवून आत ठेवली, तर दुसरीकडून शिरत नाही. घरात कोंडून घ्याल आणि मलाच बोलवाल."

ती नुसती बसून नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी लोखंडी पकडीचा व्हाइस ठोकलेला होता. उस्ताद सकाळी किल्ल्या आणून टाकायचा, ती कोरी किल्ली पकडीत आवळून कानशीने दात पाडायची. नखांत कायम पितळेची भुकटी. आख्ख्या वस्तीची दारं तिच्या बोटांखालून जायची, तिचं एक सोडून.

समुपदेशक बाई आल्या त्या रस्त्यापलीकडच्या लाँड्रीवाल्या मावशींमुळे. मावशींनी आरोग्य केंद्रात जाऊन सरळ सांगितलं, "आमच्या समोर वरती एक पोर आहे. साडेतीन वर्षं झाली, तिचे फक्त कपडेच खाली येतात." बाई वही घेऊन दारात उभ्या राहिल्या, सोबत मावशी. चारचौघांत उस्तादला नाही म्हणता आलं नाही. दर मंगळवारी दहा ते अकरा दार उघडं ठेवायचं ठरलं. अकराला तो किल्ली घेऊन हजर.

बाईंची पद्धत साधी होती. "भीतीला शून्य ते शंभर आकडा द्यायचा. आज आपण फक्त जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसू. तुमच्या अंगात धोक्याची घंटा वाजेल. ती खोटी आहे, पण आवाज खऱ्यासारखाच येतो. पळून घरात आलात, तर घंटेला वाटतं आपलंच बरोबर होतं, आणि उद्या ती आणखी जोरात वाजते. म्हणून नियम एकच. आकडा खाली येईपर्यंत जागा सोडायची नाही."

पहिल्या मंगळवारी पहिल्या पायरीवर आकडा ऐंशी होता. ती घामाने निथळली, कठडा धरून बसली. वीस मिनिटांनी तो पस्तीस झाला. आपोआप, काहीही न करता. ती रडायलाच लागली. बिट्टीला हा खेळ फार आवडला. "आई, आकडा?" ती दर पायरीला विचारायची, आणि तिचा स्वतःचा आकडा नेहमी शंभर असायचा, कारण तिला तेवढाच मोठा माहीत होता.

पाचव्या मंगळवारी ती नववी पायरी उतरून बसली होती. ओठ सुजलेला, डाव्या कानामागे रक्त वाळलेलं. बाईंनी विचारायच्या आत तीच उत्साहाने सांगू लागली.

"बाई, काल मी नियम पाळला हं. आकडा पंच्याण्णव होता. पण जागा सोडली नाही."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात कसली भीती वाटली?"

"उस्ताद आले ना. एका किल्लीचा दात जास्त घासला गेला होता. त्यांनी केस धरून डोकं व्हाइसवर आपटलं. एरवी मी न्हाणीघरात पळते आणि आतून दार लावते. काल पळाले नाही. तुम्ही शिकवलंत तसा श्वास घेतला, मोजत राहिले. पंच्याण्णव, नव्वद. त्यांनी पुन्हा आपटलं तेव्हा जरा वर गेला. पण शेवटी उतरला बाई, चाळीसवर आला!" शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी ती बघत होती.

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. मग त्या वही मिटून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"चुकलं का माझं?" तिने घाबरून विचारलं.

"तुमचं नाही. माझं चुकलं. मी दाराबाहेरचे आकडे विचारत राहिले, आतला कधी विचारलाच नाही." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "नीट ऐका. जागा सोडायची नाही, हा नियम खोट्या घंटेचा. जिन्यावर कुणी तुमचं डोकं आपटत नाही. घरात वाजते ती घंटा खरी आहे. तिच्यापुढे एकच करायचं. बाहेर पडायचं."

"पण बाहेर तर..."

"बाहेर खोटी वाजेल. वाजू द्यायची आणि चालत राहायचं. आत्ता चला, मी आहे."

ती उठली. दहाव्या पायरीवर ती कठड्याला बिलगली. खालचं फाटक डोळ्यांपुढे लोलकासारखं हलायला लागलं, आणि ती चारही हातापायांवर रांगत वर परत आली. बाई रागावल्या नाहीत. बायकांच्या निवाऱ्यातल्या खोलीचं बोलणं करून ठेवते म्हणाल्या, मावशींकडे फोन नंबर दिला. "पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू नका. ही घंटा मंगळवार बघून वाजत नाही."

त्या आठवड्यात तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी किल्ली घासली. नमुना लागलाच नाही. दीड वर्ष रोज जेवताना जुडगा ताटाशेजारी पडलेला असायचा. पाच दात: खोल, उथळ, उथळ, खोल, मधला. पहिली किल्ली अडली. दुसरी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. अडलेली तिने कचऱ्यात टाकली आणि चालणारी अंबाड्यात खोवली. दुपारी उस्ताद नसताना ती दार उघडायची, बिट्टीला घेऊन जिन्यावर बसायची आणि आकडा उतरला की गुपचूप परत यायची. दहावी पायरी. चौदावी. गुरुवारी फाटकाला हात लागला.

शुक्रवारी दुपारी उस्ताद अवेळी घरी आला. आत येऊन त्याने दाराला किल्ली फिरवली, जुडगा मुठीत धरला आणि शांतपणे म्हणाला, "या जातीच्या कोऱ्या किल्ल्या मी आठ आणल्या होत्या. सहाच आहेत. कुणाचं दार उघडतेस?"

"मोडल्या," ती म्हणाली.

जुडगा तोंडावर बसला. दात हलला, तोंडात रक्ताची आणि पितळेची एकच चव आली. दुसरा फटका भुवईवर. ती कपाटावर आपटली, वरचे डबे तिच्या अंगावर कोसळले. त्याने पोटात लाथ घातली आणि तिला श्वासच सापडेना. आकडा, तिने सवयीने स्वतःला विचारलं, आणि शंभरच्या पुढे काय असतं ते तिला आठवेना.

बिट्टी टेबलाखाली दोन्ही कान दाबून बसली होती. उस्तादने वाकून तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. "ही सांगेल. सांग गं, आई कुठे जाते?" पोरीचा खांदा विचित्र वर उचलला गेला आणि ती किंचाळली.

ही घंटा खरी.

व्हाइसजवळची मोठी कानस तिच्या हातात कधी आली, तिला कळलं नाही. तिने ती दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. तो ओरडला, पोर सुटली. तो वळला तसा तिने दुसरा घाव गुडघ्यावर घातला आणि तो टेबलासकट आडवा झाला. रक्ताने एक डोळा मिटलेला. तिने अंबाड्यातून किल्ली उपसली, चाचपडत लावली, बिट्टीला काखोटीला मारून बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. कुलूप लावून तिने किल्ली अर्धी फिरवली आणि तशीच आत ठेवली.

आतून त्याची किल्ली भोकावर खरवडली. शिरली नाही. पुन्हा खरवडली. मग दारावर खांदा बसला आणि भिंतीचे पोपडे पडले.

"तुला जिवंत गाडीन!" उस्ताद आतून ओरडला. सगळ्या जगाची कुलुपं उघडणारा माणूस.

ती जिना उतरली. नववी, चौदावी, फाटक. फाटकाबाहेर लाँड्रीचं दार तेवढं चाळीस पावलांवर, आणि मध्ये उघडा रस्ता. तिथे ती खोटी घंटा वाजली. काळीज उसळलं, हात बधिर झाले, ऊन पांढरं पडलं. पाय आपोआप मागे वळले, घराकडे. वर दाराच्या फळ्या तडकत होत्या, आणि तिच्या अंगाला तरीही तिकडेच जायचं होतं. तिला त्या क्षणी स्वतःच्या अंगाचीच किळस आली.

"आई," बिट्टी तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत म्हणाली, "आकडा?"

"ऐंशी," ती खोटं बोलली आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. अठराव्या पावलाला तिला उलटी झाली. तिने पोर सोडली नाही, तोंडही पुसलं नाही.

मावशींनी तिला पाहिलं आणि हातातली इस्त्री तशीच ठेवली. कुणाचा तरी सदरा जळायला लागला. "अगं बाई माझी! आत ये, आत ये. बाईंना फोन लावते. पोलिसांनाही लावते. तो आला तर ही इस्त्री त्याच्या छातीवर फिरवीन, घडी पाडूनच पाठवीन मेल्याला." हे म्हणता म्हणता मावशींनी दोनदा चुकीचा नंबर लावला. त्यांनी शटर खाली ओढलं.

दार तुटलं तेव्हा आवाज लाँड्रीत आला. रस्त्यावरून एक पाय ओढत येणारी पावलं ऐकू आली. मग शटरवर पहिला दणका बसला, दुसरा, आणि पत्रा आत वाकला. पाचव्या दणक्याला गाडीचा भोंगा ऐकू आला, मग पोलिसांचा आवाज, आणि त्यावर उस्तादचा गोड, ओळखीचा आवाज: "साहेब, बायको माझी आजारी आहे हो. बाहेर पडली की डोकं फिरतं तिचं."

"शटर उघडा," समुपदेशक बाई बाहेरून म्हणाल्या.

उघडल्यावर साहेबाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, बिट्टीच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, आणि उस्तादच्या न दुखावलेल्या हातातल्या जुडग्याकडे. जुडग्याला तिचे केस चिकटलेले होते. त्याने जुडगा काढून घेतला आणि उस्तादचा दंड धरला.

आधी दवाखाना, मग निवारा. गाडी निघाली तशा तिने मागच्या सीटवर दोन्ही मुठी आवळल्या. काचेपलीकडे चौक, दुकानं, पूल, साडेतीन वर्षांत न पाहिलेलं एवढं सगळं अंगावर येत होतं. बाई शेजारी होत्या.

बिट्टीचा खांदा बाईंच्या ओढणीने बांधला होता. तिने मान वर केली. "आई, आकडा? खरा सांग."

"शंभर."

"मग घरी जायचं?"

पुलावर गाडी थांबली होती. पुढे रांग, मागे रांग, खाली पाणी. उतरून पळता येणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "हा खोटा आहे. थांब जरा, उतरेल."

आणि ती मोजत बसली.