तुतीच्या फळ्या

माझ्या लग्नात वडिलांनी मला चार फळ्या दिल्या होत्या. तुतीच्या, चांगल्या तीन बोटं जाड. वडील इज्बेत-अल-बुर्जला मासेमारीच्या होड्या बांधायचे आणि होडीच्या फासळ्या तुतीशिवाय दुसऱ्या कशाच्या करायचे नाहीत. म्हणाले, "इन्साफ, मोरीलगतचा ओटा याचाच करून घे. हे लाकूड पाण्याला भीक घालत नाही."

तो ओटा अजून झालेला नाही. माझा नवरा रिफअत सुतार आहे, तरीही. सुतार आहे म्हणूनच, असं म्हणते मी.

आमच्या दुम्यातमध्ये, इजिप्तच्या या सुतारांच्या शहरात, नवरीचं सामान उघड्या गाड्यांवर लादून, ढोल वाजवत गल्लीगल्लीतून नेतात. सज्ज्यासज्ज्यांत बायका उभ्या असतात, त्यांच्या नजरेतून खुर्चीचा पायसुद्धा सुटत नाही. माझ्या सामानात त्या फळ्या दिसल्या आणि सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. होडीचं लाकूड! लोक काय म्हणतील? गल्लीच्या तोंडाशीच फळ्या उतरवल्या आणि मागच्या वाटेने रिफअतच्या कारखान्यात, माळ्यावर टाकल्या. "ईद झाली की ओटा करतो," रिफअत म्हणाला. ईदा येत गेल्या. शहरातल्या निम्म्या बायकांना त्याने स्वयंपाकघरं करून दिली आणि मी प्लायवुडच्या फुगलेल्या फळीवर मेणकापड टाकून कांदे चिरत राहिले. फळी मध्ये खचली आहे. भांडी धुतली की पाणी तिथे साचतं आणि माझ्या पायांवर गळतं.

आता रावयाचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. स्वयंपाकघर नवरीकडच्यांनी द्यायचं. विहीणबाई, हज्जा तफीदा, लाकूड पसंत करायला घरी आल्या. रिफअतने चहाच्या टेबलावर नमुने मांडले, सराफाने बांगड्या मांडाव्यात तसे.

"कपाटांना झान," तो म्हणाला. झान म्हणजे बाहेरदेशातून येणारं ते गुलाबीसर लाकूड. दुम्यातचा सुतार त्याची शपथ घेतो. "दारांवर गुलाब कोरतो, कडेला सोनेरी वर्ख. आणि ओटाही झानचाच, वर चकचकीत पॉलिश."

"ओट्याच्या कडेलाही गुलाब हवेत," हज्जा तफीदा म्हणाल्या. "गाडीवरून जाताना ओट्याची कडच आधी दिसते."

"बाबा, मला गुलाब नकोत," रावया म्हणाली. "त्यात तेल बसतं, ते मी घासत बसू? कपाटं साधी करा. आणि मोरीजवळ तुतीचं लाकूड लावा."

रिफअत खो खो हसला. "तुती? तू स्वयंपाक करणार आहेस की जाळं टाकणार आहेस?"

"आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पोरी," हज्जा तफीदाही हसल्या. "तिथे होडी कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वडिलांनी आयुष्य त्या लाकडात घातलं, त्यांच्या होड्या वादळातून परत आल्या, आणि इथे माझ्याच हातचा चहा पीत दोघं त्यांची टिंगल करत होते. मी म्हटलं, "झान पाण्यात टिकत नाही."

"अगं उम्म रावया, तू चहा बघ," रिफअत म्हणाला. "लाकडाचं आम्ही बघतो."

बरं. सगळे गेल्यावर मी त्याच्या लाडक्या झानचा पॉलिश केलेला नमुना उचलला, फरशी पुसायच्या बादलीत बुडवला आणि वर वरवंटा ठेवला.

शुक्रवारी विहीणबाई आणि जावई जेवायला आले. मी कांदे भरून बदक भाजलं होतं. बदक टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बादलीतली ती झानची फळी ठेवली. कडा काळ्या पडल्या होत्या, पॉलिशला फोड आले होते आणि फळी वाटीसारखी वाकली होती.

"हे काय?" हज्जा तफीदांनी विचारलं.

"तुमच्या सुनेचा ओटा. गाडीवर फार छान दिसेल. पुढचं तिचं ती बघेल."

रिफअतचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "माझी अब्रू बादलीत बुडवलीस!"

"अब्रू नव्हे, लाकूड बुडवलं. अब्रू एवढ्यात फुगत असेल तर तीही झानचीच असणार."

जावई हसला आणि आईने डोळे वटारताच बदकाकडे बघू लागला. शेवटी रिफअत बेफिकिरीचा आव आणून म्हणाला, "ठीक आहे. रावयाला तुती देऊ. कारखान्याच्या माळ्यावर चार फळ्या पडल्यात, तिच्या आजोबांच्या वेळच्या, मुरलेल्या. तशा आता बाजारात मिळायच्या नाहीत."

पडल्यात! जणू वाऱ्याने येऊन पडल्या.

"वा!" हज्जा तफीदा म्हणाल्या. "आजोबांचं लाकूड नातीला. आईचं मन असंच असतं."

रावयाचे डोळे चमकले. "यम्मा, खरंच?"

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, मी आता डोळे पुसत हो म्हणेन म्हणून. मला इतका राग कधीच आला नव्हता. सासूला लाज वाटली तेव्हा फळ्या माझ्या होत्या. माळ्यावर धूळ खात होत्या, वर सरसाचे डबे ठेवले जात होते, तेव्हाही माझ्याच होत्या. आता किंमत कळली, तर त्या सगळ्यांच्या झाल्या.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?" रिफअतने विचारलं.

"म्हणजे नाही. इज्बेतला माझ्या भावाचा कारखाना अजून चालू आहे. तिकडून तुती आण, रावयाला हवा तसा ओटा कर, मी स्वतः लाकूड निवडून देते. त्या चार फळ्या माझ्या आहेत. मी जिवंत आहे अजून. वाटणी कसली करता?"

"पोरीच्या लग्नात असं बोलतात?" हज्जा तफीदा पुटपुटल्या.

"बोलत नाहीत. म्हणूनच ओटे होत नाहीत."

रावयाची मान खाली गेली. मला वाटलं, रडते आता. पण ती उठली, खुंटीवरच्या बापाच्या कोटाच्या खिशातून मापाची पट्टी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "बाबा, आधी यम्माचा ओटा. तो झाल्याशिवाय माझी गाडी दारातून हलणार नाही."

रिफअतने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे. मग उठून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले. मेणकापडावर पाणी साचलं होतं. त्यावर हात टेकवून तो उभा राहिला. पट्टी उघडलीच नाही.

"माप कशाला घ्यायचं?" तो हळूच म्हणाला. "लग्नाच्या वेळी घेतलं होतं. पाठ आहे मला. तुझ्या कोपरापर्यंत."

"नव्याने घे," मी म्हटलं आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. "तेव्हाची ती बाई उंच होती."