शेवटच्या गाण्याचा साक्षीदार

"टेप नंतर. आधी माणूस बघू," साक्षीदार म्हणाला आणि टेपरेकॉर्डरच्या झाकणावर त्याने तळहात ठेवला.

समोरच्या बाईच्या हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि रात्रपाळी उतरून थेट इथे आलेली होती. पायात अजून पांढरे बूट होते. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, छताच्या नळीला टांगलेल्या दीड-दोनशे कपड्यांच्या मधोमध, चार अनोळखी माणसं आपल्याकडे चोराकडे बघावं तशी का बघताहेत, हे काही तिला उमगेना.

"अहो, बसू तर द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या. "सिस्टर, तुम्ही मनावर घेऊ नका. या मंडळींकडे गाणं ऐकायला आलेल्या माणसाची झडती होते."

वहिनी म्हणजे लाँड्रीवाल्या दादांची बायको. लाँड्री सुट्टीला बंद असे, आणि त्या सकाळी मागच्या खोलीत 'चौघां'चे भक्त जमत. चौघे हा बँड मोडून एकवीस वर्षं झाली होती. दोन गिटारी, एक ड्रम आणि एक गायक. गायक कानात सांगावं तसं हळू सुरू करायचा आणि मग काळजातून ओढून काढल्यासारखा ओरडायचा. जाणकार त्याला पोस्ट-हार्डकोर म्हणत. वहिनी त्याला नुसतं 'ते' म्हणत. "झालं का तुमचं ते?" पण पुढे निघालेल्या कितीतरी बँडनी त्यांचीच री ओढली, हे त्यांनाही पाठ झालं होतं. दादा एकेका ओळीचं निरूपण करू लागले, की इस्त्रीच्या टेबलाला टेकून त्याही ऐकत राहत. टांगलेले कपडे आवाज पिऊन टाकत, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नसे.

तिसरा भक्त चष्मा. पोस्टात काउंटरवर बसायचा. घरी सांगून निघायचा की पोहायला चाललोय. केस कोरडे घेऊन परत कसा जातो, हे त्याच्या बायकोने कधी विचारलं नव्हतं.

आणि चौथा भक्त साक्षीदार. लिफ्टदुरुस्तीवाला. चौघांचा शेवटचा कार्यक्रम या सगळ्यांत त्याने एकट्याने पाहिला होता, म्हणून हे नाव. टेपरेकॉर्डरशेजारची खुर्ची त्याची. वर भिंतीवर, काचेच्या चौकटीत, त्या कार्यक्रमाचं त्याचं तिकीट लावलेलं. नवा कोणी आला की दादा म्हणत, "साक्षीदार, सांगा हो जरा." मग तो सांगे. शेवटचं गाणं सुरू होतं, गायक माइक टाकून खाली उडी मारतो, लोक त्याला खांद्यांवर घेतात, तो तसाच, नुसत्या गळ्यावर, गाणं पुरं करतो. जाताजाता साक्षीदाराच्या डोक्यावर हात ठेवतो. ऐकताना चष्म्याचे डोळे दर वेळी भरून येत.

त्यातलं काहीएक साक्षीदाराने पाहिलेलं नव्हतं.

तिकीट खरं होतं. तो बावीस वर्षांचा होता, कामावरून तसाच, कंपनीच्या सदऱ्यावर गेला होता. हॉल चौथ्या मजल्यावर होता, पण तळमजल्यावरच मॅनेजरने तो सदरा पाहून दंडाला धरलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक बाई होती. दहा मिनिटांचं काम म्हणून तो गेला. संपलं तेव्हा लोक घामेजलेले, लाल डोळ्यांचे, जिना उतरत होते. कोपऱ्यावर कोणीतरी विचारलं, "तू होतास? कसा झाला?" तो म्हणाला, "काय सांगू!" तेवढंच. बाकीचं लोकांनी विचारविचारून त्याच्या तोंडून काढलं आणि मग त्यालाच आवडायला लागलं. बायको माहेरी गेली ती परत आली नाही, कंपनीने मोठ्या इमारती तरुणांना दिल्या. त्याच्यापाशी धरून ठेवण्यासारखं उरलं ते ही खुर्ची आणि हे सांगणं.

आणि आज ही बाई त्याच कार्यक्रमाची टेप घेऊन उभी होती.

"नियम सांगतो," तो म्हणाला. "इथे येणारी प्रत्येक टेप कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली, ते आधी कळलं पाहिजे. बाजारात नकला फार."

"माझ्या भावाने केली आणि मी आणली," सिस्टर म्हणाली. "मधे कुणी नाही."

"भाऊ का नाही आला?"

"गेला तो. तीन महिने झाले."

खोली जराशी ओशाळली. पण साक्षीदाराने मान तिरकी केली. "वाईट झालं. पण या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. एकवीस वर्षं नाही आणि आजच बरं सापडलं?"

"त्याच्या सदऱ्यांच्या पेटीत होती. अहो, खरं सांगू का, मला यातलं काही कळत नाही. मला हा कल्ला वाटतो." चष्मा दुखावल्यासारखा हलला. "पण तो सांगायचा, शेवटचं गाणं त्यांनी अर्ध्यावर सोडलं. आम्ही हसायचो. लोक म्हणतात गायक खांद्यांवर होता, आणि तुला बरं वेगळं दिसलं! शेवटी शेवटी त्याला बोलताही येत नव्हतं, तरी बोटाने हवेत अर्धं गाणं दाखवायचा. म्हटलं, ज्यांना कळतं त्यांनी एकदा ऐकावं. तो खोटं बोलत होता की खरं, एवढंच मला हवंय."

"अर्ध्यावर?" दादांनी साक्षीदाराकडे पाहिलं.

"झालं तर मग," साक्षीदार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच उंच वाटला. "मी तिथे होतो ना! तुमचा भाऊ भलत्याच कार्यक्रमाला गेला असेल, बाई."

सिस्टर त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिची नजर वर गेली. "ते तुमचं तिकीट?"

"हो."

"अख्खं कसं? भावाचं दारावर फाडून अर्धं ठेवून घेतलं होतं. तो सांगायचा, सगळ्यांचं फाडलं, कारण एका तिकिटावर दोघेदोघे घुसत होते."

इतक्या वर्षांत त्या चौकटीवरची धूळ सगळ्यांनी पुसली होती. हे कुणाला दिसलं नव्हतं. चष्मा उठून जवळ गेला, चष्मा वर केला, खाली केला.

"दारावरचा माझ्या ओळखीचा होता," साक्षीदार म्हणाला. "म्हटलं, आठवण म्हणून राहू दे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत ते," चष्मा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

"अरे, वाद कशाला घालता?" दादांनी मिटवलं. "टेप लावू. नकली असेल तर साक्षीदार दोन मिनिटांत सांगतील. त्यांच्यापेक्षा मोठा पुरावा आहे का आपल्याकडे?"

साक्षीदाराने झाकणावरचा हात काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

टेप घरघरली. मग आवाज असा आला की टांगलेल्या कपड्यांच्या बाह्या हलल्या. चष्म्याने डोळे मिटले. दादांच्या ओठांवर शब्द उमटू लागले. हे चौघेच होते, त्यात शंका नव्हती. शंका होती ती कार्यक्रम कोणता याचीच. एक गाणं संपलं, दुसरं संपलं. लोकांच्या आरोळ्या. मग एकच गिटार, हळू, आणि गायक माइकजवळ येऊन कुजबुजला.

"हेच," दादा म्हणाले. "शेवटचं."

दोन ओळी झाल्या. आणि घंटा वाजली.

एक लांब, मग दोन तुटक, मग पुन्हा लांब. लिफ्टमधली धोक्याची घंटा झोपेतही ओळखू आली असती साक्षीदाराला.

"हे काय?" चष्मा म्हणाला. "मैफलीत घंटा कुठून आली? दादा, दोन टेपा जोडल्यात बघा. साक्षीदार, होती का घंटा?"

सिस्टर दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती टेपकडे पाहत नव्हती, साक्षीदाराकडे पाहत होती.

नव्हती, एवढा एक शब्द. ती उठेल, कॅसेट पुन्हा रुमालात गुंडाळेल, पांढरे बूट दाराबाहेर जातील. पुढच्या सुट्टीला सगळं होतं तसं होईल.

टेपमध्ये गिटार थांबली. गायकाचा आवाज आला, गाण्यातला नव्हे, साधा बोलण्यातला. "थांबा रे. कुणीतरी अडकलंय वाटतं. गप्प राहा जरा, त्यांना ऐकू जाऊ दे."

आणि सगळा हॉल गप्प झाला. एवढी माणसं एका जागी इतकी गप्प होऊ शकतात, हे चष्म्यालाही खरं वाटेना. त्या शांततेत, दुरून, पत्र्यामागून यावा तसा एक पोरसवदा आवाज आला, "घाबरू नका! मी वर जातोय, चाक फिरवतो. लिफ्ट हलली की घंटा वाजवा! ऐकू येतंय का?" आणि त्याहून दूर, एका बाईचं, "हो."

साक्षीदाराला ती शांतता आठवली. खरं तर हे काम दोघांचं. एकाने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ब्रेक सोडून चाक फिरवायचं, दुसऱ्याने मजल्यावरून सांगायचं. तो एकटा होता. खाली येऊन शाफ्टमध्ये ओरडायचा, पुन्हा वर पळायचा, आणि वरच्या दणदणाटात त्या बाईला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. मग एकाएकी सगळं शांत झालं. त्याने तेव्हा शिवी हासडली होती. संपला कार्यक्रम, हुकला, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती शांतता कुणी आपल्यासाठी करून दिली असेल, हे एकवीस वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"साक्षीदार," दादांनी पुन्हा विचारलं, "होती का घंटा?"

"होती," तो म्हणाला. "टेप खरी आहे."

"पण मग तो खांद्यांवरचा..."

"तो ओरडणारा मी आहे. मी आत नव्हतो, दादा. मी लिफ्ट सोडवत होतो. मी काहीच पाहिलेलं नाही." मग तो सिस्टरकडे वळला. "तुमचा भाऊ लिफ्टच्या दाराशी उभा असणार, म्हणून मी ऐकू येतोय. तो खरं बोलत होता, ताई. एकदम खरं."

सिस्टरने तोंडावर पदर धरला.

चष्म्याने चौकटीतल्या तिकिटाकडे पाहिलं. "मी ते बायकोलाही सांगितलंय," तो म्हणाला. "ते डोक्यावर हात ठेवल्याचं. ज्या दिवशी आमचं पोर गेलं, त्या दिवशी सांगितलं. दुसरं काही सुचत नव्हतं." त्याने पिशवी उचलली. आणि निघून गेला. दादा इस्त्रीच्या टेबलाला टेकून जमिनीकडे बघत होते.

"आणि ती बाई, भावजी?" वहिनींनी हळूच विचारलं. "सुटली का?"

"सुटली. जिन्यावर माझा हात धरून म्हणाली, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा तर नाही ना झाला?"

"मग?"

"म्हटलं, नाही हो. कुणाचा नाही."

टेप चालूच होती. त्यात आता गाणं नव्हतं, फक्त थांबलेली माणसं होती. इतक्यात माइकच्या अगदी जवळ कोणीतरी खोकलं, दोनदा, तोंडावर हात धरून.

सिस्टर ताडकन सरळ झाली. "हा तो," ती म्हणाली. "हा त्याचा खोकला."

साक्षीदाराने हात पुढे केला, आवाज थोडा वाढवला, आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला.