आईची थंडी

"ताई, थांबा! कापू नका!"

मशीनवरची मुलगी ओरडली तेव्हा कात्री कापडाच्या थप्पीत शिरली होती. कटिंगताईंनी खाली पाहिलं. शर्टाच्या कापडावर त्यांनी पँटचा साचा ठेवून खडू फिरवला होता. गणवेशाच्या या कारखान्यात त्यांचे केस पिकले. ताई डोळे मिटून कापतील, असं सगळे म्हणायचे. आता डोळे उघडे ठेवूनही हे असं!

"बसा जरा," मुलगी हळूच म्हणाली.

बसा! याच शब्दाची त्यांना धास्ती होती. त्यांची आई अशीच बसली होती. लेकीकडे राहायला आली ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि तिथून उठलीच नाही. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, नातवंडांची नावं आठवेनात. भर उन्हाळ्यात शाल गुंडाळून म्हणायची, "थंडी वाजतेय गं." घरातले हसायचे, म्हणायचे, नखरे आहेत. एका मावशीने तर तोंडावर सांगितलं, "खायला काळ आणि भुईला भार." आई गेली, खुर्ची राहिली. कटिंगताई तिच्यावर वाळलेले कपडे टाकायच्या, पण बसायच्या नाहीत.

आणि हल्ली कारखान्यात पंखा लागला, की त्यांना हुडहुडी भरायची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

थायरॉइडची गोळी चालू होती. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाढवूनही दिली होती. गोळ्यांचं खातं नवऱ्याकडे, म्हणजे काकांकडे. काकांचा जन्म पॅकिंगमध्ये गेला. जे जे जायचं ते एकाच खोक्यात, एकाच फेरीत, हा त्यांचा बाणा. रोज सकाळी थायरॉइडची, रक्तवाढीची लोहाची आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियमची, अशा तिन्ही गोळ्या एका वाटीत घालून वर गरम दुधाचा पेला ते स्वतः आणून द्यायचे. इतकं प्रेमाने कोण देतं!

नवा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचला. "अगं, टीएसएच चांगलाच वाढलाय! औषध लागू पडतंय!"

ताईंनी मात्र रिपोर्ट पिशवीत घातला आणि काकांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून मान हलवली. "काका, हा वाढणं चांगलं नाही. गळ्यातली ग्रंथी कामचुकारपणा करायला लागली, की मेंदू तिला हाका मारतो. टीएसएच म्हणजे ती हाक. ती ऐकत नाही, म्हणून आवाज चढलाय. आणि हा टी-फोर म्हणजे तिने केलेलं काम. ते कमी पडलं, की थंडी वाजते, विसर पडतो."

"डॉक्टर, खरं सांगा," ताई म्हणाल्या. "मी पण आईसारखी होणार का? सगळं विसरून, खुर्चीत?"

"आधी सांगा, गोळी घेता कशी?"

काकांनी ऐटीत सगळं सांगितलं. वाटी, दूध, सगळं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच अडवतात. दूधही तेच करतं. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, एकटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. तासाभराने नाश्ता. बाकीच्या दोन्ही गोळ्या निदान चार तासांनी."

"आणि नणंदेने आयोडीनची पावडर दिलीय, ती?"

"ती नकोच. आयोडीन जास्त झालं तरी ही ग्रंथी रुसते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

जिना उतरताना काका कठड्याला धरून थांबले. "म्हणजे इतके दिवस मीच तुला..."

"पुरे हो. तुम्ही काय विष घालत होतात?" त्या म्हणाल्या. पण त्यांचे हात गार पडले होते.

ते दिवस भीतीतच गेले. एखादा शब्द अडला तरी ताईंना आई आठवायची. साचा ठेवला की त्या मशीनवरच्या मुलीला हाक मारायच्या, "बघ गं, बरोबर आहे ना?" काका सकाळी फक्त पाणी आणि ती एकच गोळी द्यायचे आणि दुधाचं भांडं झाकून घड्याळाकडे बघत उभे राहायचे.

रिपोर्ट आला. आकडा उतरला होता, जवळजवळ मापात. डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे, ताई. गोळी मात्र सोडायची नाही."

"डॉक्टर, माझ्या आईलाही हेच असेल का?"

"असू शकेल. तिचं रक्त कधी तपासलं होतं?"

"कधीच नाही," ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले, घडी करून ठेवले आणि खुर्चीत बसल्या. काका स्वयंपाकघरातून धावत आले.

"अगं, तिथे नको! काय होतंय तुला?"

"काही नाही. नुसती बसलेय."

वेत करकरला. त्यांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. आईच्या शालीने तिथला वेत झिजून गुळगुळीत झाला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "आईला थंडी वाजायची हो. खरंच वाजायची."